हरीण वळेपर्यंत

परवा मुलाने आम्हाला हरणं दाखवायला नेलं. दुबईशेजारच्या अजमानहून, जिथे आम्ही आता राहतो, गाडीने बरंच आत, वाळवंटात, तारेच्या कुंपणामागे ती ठेवली आहेत. आता इथे हरणावर गोळी चालवायला बंदी आहे आणि ते बरंच झालं. नातवंडं फोनवर फोटो काढत होती, सून म्हणत होती, "किती क्यूट ना, अम्मी?" मी हो म्हटलं. पण माझी नजर गेली होती ती हरणाच्या पुढच्या पायामागे. चार बोटं मागे, अंगाच्या उंचीच्या मधोमध. गुडघे गेले, दात गेले, ही नजर तेवढी राहिली.

धाकटी नात म्हणाली, "दादी, व्हॉट आर यू लुकिंग ॲट?"

आता तिला काय सांगू? इथे लिहिते. तिला वाचता येईल तेव्हा वाचेल, नाहीतर तिच्या बापाकडून ऐकेल.

माझे बाबा रत्नागिरीकडच्या आमच्या गावात शिकार करायचे. हौसेची नव्हे, पोटाची. भेकर मारायचे. भेकर म्हणजे शेळीएवढं हरीण, करड्या तांबूस अंगाचं, कुत्र्यासारखं भुंकतं. बाबांकडे बारा बोअरची जुनी बंदूक होती आणि मला भाऊ नव्हता, म्हणून काडतुसं पुसून ठेवायचं काम माझं. पुसता पुसता ते शिकवायचे. बारीक छर्रे पाखराला, मोठे छर्रे भेकराला, आणि मोठे असले तरी लांबून मारायचे नाहीत, कारण छर्रे पांगतात आणि जनावर जखमी होऊन रानात जातं. अंगणातल्या मातीत ते काडीने भेकर काढायचे आणि म्हणायचे, "हां गो बाय, आता सांग, खंय मारशील?" मी डोक्यावर बोट ठेवलं की हसायचे. डोकं हलतं, म्हणायचे. पोटावर ठेवलं की रागवायचे. पोटात लागलेलं जनावर दिवसभर तडफडतं आणि मटणही नासतं. बोट पुढच्या पायामागे, बरगड्यांवर आलं की मगच मान हलायची. तिथे फुप्फुसं. तिथे लागलं की जनावर थोडं पळतं, बसतं, आणि श्वास चालू असतानाच आपण हलाल करायला सुरी घेऊन पोचतो. बाबांचा हा नियमच होता. गोळी म्हणजे सुरी नव्हे. सुरी लागायच्या आधी जीव गेला तर ते मटण आमच्या घरात यायचं नाही. गावात यावर दोन मतं होती, मौलवींतही होती, पण आमच्या घरात एकच.

लग्न झालं आणि हे मला दुबईला घेऊन आले. एकोणीसशे साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. तेल अजून यायचं होतं. आता अल क्वोजला जिथे गोदामं आहेत तिथे तेव्हा नुसती वाळू. आमचं घर खजुरीच्या झावळ्यांचं, त्याला बरस्ती म्हणायचे. वारा आरपार जायचा. थंडीत मजा, उन्हाळ्यात मजा नाही. हे एका गॅरेजच्या स्टोअरमध्ये कामाला होते. दिवसभर नट-बोल्ट आणि गाड्यांचे पार्ट. बंदूक त्यांनी आयुष्यात हातात धरली नव्हती.

शेजारी एक म्हातारे अरब राहायचे. सगळे त्यांना शायब म्हणायचे, म्हणजे म्हातारबाबा. तरुणपणी गलबतावर खजूर भरून मुंबईला जायचे, त्यामुळे हिंदी बोलायचे. कसली हिंदी! पण आमचं काम चालायचं.

मला दिवस गेले आणि अन्न सुटलं. सुटलं म्हणजे पाणीसुद्धा पोटात ठरेना. चुलीचा धूर आला की उलटी. तव्याचा वास आला की उलटी. म्हणून हेच बाहेर, झावळ्यांच्या कुडापलीकडे, तांदळाच्या भाकऱ्या थापायचे. एकही भाकरी गोल नाही. मी आडवी पडून आवाज ऐकायची, थप थप थप, मग "या अल्ला," मग तुटलेली भाकरी टाकल्याचा आवाज. इतकी खटपट करून आणलेला तुकडा मी तोंडाजवळ नेऊन परत ठेवायची. माझं मनगट इतकं बारीक झालं की बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या.

दाई म्हणाली, हिला माहेरी पाठवा. मुंबईची बोट यायची होती. हे म्हणाले, "बोट येईपर्यंत तू काही खाल्लं आणि ते राहिलं, तर राहा. नाही तर मी तुला बोटीत बसवणार. माझं ऐकायचं."

मला जायचं होतं आणि जायचंही नव्हतं. आईच्या हातचं हवं होतं, विहिरीचं पाणी हवं होतं. पण एकदा गेले तर पोर होणार, पोर मोठं होईपर्यंत सासू सोडणार नाही, आणि हे इथे एकटे, त्या वाकड्या भाकऱ्या खात. आमच्याकडे अशा कितीतरी बायका. नवरा वर्षातून एकदा येणार, पोर त्याला पाहुणा समजणार. मला तसं नको होतं. ते मी यांना कधी तोंडाने सांगितलं नाही. तेव्हा असं बोलायची पद्धत नव्हती.

एकदा यांनी विचारलं, "अगं, काहीतरी सांग ना. काय खावंसं वाटतं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "भेकर."

हे म्हणाले, "बोंबील माग. सुरमई माग. इथे भेकर कुठून आणू?"

बाहेर शायब बसले होते. त्यांना भेकर समजावून सांगितलं. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "ग़ज़ाल! हरिण! वो उधर है ना, बहुत है. यल्ला, चलो, जुम्मा को जाएगा."

बंदूक शायबांची, थ्री-नॉट-थ्री रायफल. त्यांच्याकडची काडतुसं लष्करी होती. हे एक घेऊन आत आले, मला दाखवायला. हातात घेतलं तर गोळीला टोकापर्यंत धातूचं कवच. बाबांची बंदूक छर्ऱ्यांची, पण त्यांच्या ओळखीच्या एका शिकाऱ्याकडे रायफल होती, त्याचं बोलणं मी लहानपणी ऐकलं होतं. मी म्हटलं, "ही नको. ही सुईसारखी आरपार जाते. हरीण तसंच पळतं, कुठेतरी दूर जाऊन मरतं. मग सुरी घेऊन कुठे शोधाल? टोकाला शिसं उघडं असतं ती आणा. ती आत गेली की पसरते."

शायब बाहेरून ओरडले, "वो वाला? वो मारेगा तो हरिण किधर? खांदा खलास, आधा गोश्त खलास! हरिण छोटा है, हाथी नहीं है!"

"खांद्यावर मारायचंच नाही," मी आतून म्हटलं.

"तो किधर?"

मग मी उठले. बऱ्याच दिवसांनी आपणहून उठले. दारात वाळू होती, तिच्यात बोटाने हरीण काढलं. आलं शेळीसारखं.

हे म्हणाले, "ही बकरी आहे."

"तुम्हाला चित्र हवंय की मटण?"

शायबांनी खाल्लेल्या खजुराची एक बी उचलून मी पुढच्या पायामागे ठेवली. शायबांनी ती उचलून मानेवर ठेवली. "इधर. गिरेगा, उठेगा नहीं."

मी म्हटलं, "मान केवढी असते? यांचा हात थरथरेल."

यांनी बी उचलून पोटावर ठेवली. "सगळ्यात मोठी जागा हीच आहे. नेम चुकणार नाही."

मी आणि शायब एकदम ओरडलो. शायब तर उठून उभे राहिले. "पेट में? पेट में मारेगा तो मैं तेरे को मारेगा!"

हे ओशाळून हसले. मग मी बाबांचं सगळं सांगितलं, फुप्फुसं, थोडं पळणं, बसणं, सुरी. शायब म्हणाले, चाप ओढताना बिस्मिल्ला म्हणा, गोळीने मेलं तरी हलाल. त्यांचंही खरं असेल. पण यांनी माझ्याकडे बघितलं.

"तू खाशील का तसलं?"

मी मानेनेच नाही म्हटलं. यांनी वाकून बी परत पुढच्या पायामागे ठेवली. चार बोटं मोजून. मग बोटाने वाळूत दाबली.

उघड्या शिशाची काडतुसं सूकमध्ये, म्हणजे बाजारात, मिळाली. शायबांनी यांना वाळूच्या टेकाडावर डबा ठेवून नेम शिकवला. पहिल्या बाराला यांचा खांदा काळानिळा झाला. हळद लावताना मी म्हटलं, राहू द्या. हे म्हणाले, "गप गं."

शुक्रवारी नमाज झाली आणि गॅरेजची एक गाडी मागून घेऊन दोघे गेले. सोबत फडक्यात यांनी सकाळी थापलेली भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. मी दिवसभर दाराशी बसून राहिले. ती शेळी वाळूत तशीच होती, वाऱ्याने पाय पुसले गेले होते, बी मात्र जागेवर. पोटात काही नव्हतं पण तोंडाला पाणी सुटत होतं. धने कसे भाजायचे, खोबरं किती, चिंच आहे का, सगळं मनात. नाही आवडलं तर बोट. नाही राहिलं तर बोट. मटण नासलं तर बोट. अशी बसले होते.

सूर्य बुडाला, मगरीबच्या नमाजाच्या सुमाराला गाडीचा आवाज आला. आधी आले शायब, तावातावाने. "ऐसा आदमी देखा नहीं! हरिण सामने खड़ा. इतना नजदीक. ये बंदूक उठाया, बिस्मिल्ला बोला, मैं बोला मार, यल्ला मार! बिस्मिल्ला बोल के हरिण का मुँह देखता बैठा! शादी करना है क्या उससे?"

मागून हे आले. चेहऱ्यावर वाळू, पापण्यांवरसुद्धा. काडतुसं फळीवर ठेवली आणि माझ्यासमोर बसले. हातात काही नाही, हे मी आधीच बघितलं होतं.

"नाही मिळालं," म्हणाले.

"मिळालं होतं म्हणतायत ते."

"उभं होतं. पण तोंड माझ्याकडे करून. समोरून मारली असती तर छातीत, जागीच गेलं असतं. सुरी लागलीच नसती. मी म्हटलं, वळू दे. वळलं तर एकदम पाठमोरं. मागून मारली तर पोटातून जाणार. मी म्हटलं, अजून जरा वळू दे." यांनी पापण्यांवरची वाळू पुसली. "ते आडवं झालंच नाही. गेलं."

बाहेरून शायब: "हरिण को बोलना चाहिए था ना, भाई, थोड़ा घूम जा, मेरी बीवी का हुकुम है!"

हे मान खाली घालून म्हणाले, "ते बरोबर बोलतायत. मारायला हवं होतं. बोट परवा आहे." मग अगदी हळू, "पण तू खाल्लं नसतंस."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. या माणसाला भेकर कसं दिसतं ते माहीत नव्हतं. माझ्या बाबांशी त्यांचं जेमतेम बोलणं झालेलं. आणि तिथे, वाळूत पोटावर पडून, ते माझ्या बाबांसारखे थांबले होते. मला हसू आलं. आधी शायबांच्या बोलण्याचं आलं, मग कशाकशाचं आलं कोण जाणे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आलं. हे घाबरले, पाणी आणायला उठले. त्यांच्या खांद्यावरचं फडकं खाली पडलं. आत भाकरी तशीच होती. दिवसभर यांनीही खाल्लं नव्हतं.

मी ती उचलली. कोरडी, कडेने जळलेली, एका बाजूला जाड, एका बाजूला कागदासारखी. जवळ्याची चटणी तिला चिकटलेली. मोडली आणि तोंडात घातली. वाळू दाताखाली कचकचली. अर्धी मी खाल्ली, अर्धी यांना दिली. दोघेही वाट बघत होतो. यांनी तांब्या आणि उलटीसाठी वाळू घातलेली टोपली जवळ ओढून ठेवली होती, नेहमीप्रमाणे.

टोपली लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कुडापलीकडे परत थप थप सुरू झालं. मी आतून म्हटलं, "चटणी जास्त घाला." तिसऱ्या दिवशी बोट आली, खाडीबाहेर उभी राहिली, गेली. मी तिचा भोंगा ऐकला. माहेरची आठवण आली, रडले, आणि रडून झाल्यावर भाकरी मागितली.

पुढे एका थंडीत शायबांनी स्वतः हरीण मारलं आणि एक तंगडी पाठवली. यांनी दारातच विचारलं, "सुरी लगा था ना, शायब?" शायबांनी जी शिवी दिली ती इथे लिहिता येत नाही. मी खोबरं-धने वाटून केलं. चांगलं झालं होतं. भेकरासारखं नव्हतं. पण तोवर मला भेकराची तितकी ओढ उरली नव्हती.

आता शायब नाहीत. हेही नाहीत, इथल्याच मातीत आहेत. बरस्ती नाही, ती वाळू नाही, तिच्यावर रस्ते आणि इमारती. सुनेच्या किचनमध्ये भाकरी फ्रोझन मिळते, गोल गरगरीत. मी खाते. पण खरं सांगू, मला एकदा ती वाकडी भाकरी हवी आहे. वाळूसकट. या वयात मला दुसरं काही खावंसं वाटत नाही.

तर परवा, कुंपणाशी. एक हरीण पुढे आलं आणि आमच्याकडे तोंड करून उभं राहिलं. मुलगा म्हणाला, "चला अम्मी, ट्रॅफिक लागेल." नात माझा हात ओढत होती, "दादी, कम ऑन, यल्ला!"

मी तार धरून उभी राहिले.

"थांब गं," मी म्हटलं. "वळू दे त्याला."