उडवला की आऊट

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. शांती नगरात आमचा क्लब सुरू झाला तो दोन बिल्डिंगींच्या मधल्या जागेत. बॉल उडवून बिल्डिंगवर मारला की आऊट, हा तिथला नियम. खिडक्यांच्या काचांपायी कॅप्टननेच तो केला होता आणि भांडून भांडून पाळायला लावला होता. त्यामुळे आमच्याकडे सिक्स नावाची चीजच नव्हती.

मग आम्ही पहिली टूर्नामेंट खेळायला चेणे गावात गेलो. चहूकडे मोकळं मैदान, मागे डोंगर. शेवटचा बॉल, पाच रन हवेत, स्ट्राइकला आमचा कॅप्टन, दुसऱ्या टोकाला मी. कॅप्टनने बॅट फिरवली आणि बॉल उंच, उंच गेला. माझ्या तोंडून शिवीच निघाली. आम्हाला शिकवणाऱ्यानेच उडवला. तो तर बॅट काखोटीला मारून, मान खाली घालून परत निघालासुद्धा. दोरीपलीकडे आमच्या पोरांनी डोकी धरली. समोरची टीमही मैदानातच खाली बसली. दोन्ही टीमची तोंडं पडलेली, असा मॅचचा शेवट मी पुन्हा कधी पाहिला नाही.

हात वर होते ते फक्त अंपायरचे. गावातलेच एक काका. "अरं, कुठं चाललास? सिक्स हाय," ते ओरडले.

मी धावत जाऊन कॅप्टनला उचललं. सगळी टीम आमच्या अंगावर कोसळली, तोंडात माती गेली. त्या ढिगाखालून कॅप्टनचा आवाज येत होता, "पण उडवला ना मी?"