पॅटर्न बदलला, मॅडम!

शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'पॅटर्न बदलला' असा मेसेज आला की आमच्या शाळेत दोन गोष्टी ठरलेल्या. गवई सर जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा कपाटावर टाकतात आणि वर्षभरात एखादा तरी नवा किस्सा तयार होतो. गठ्ठे अधूनमधून रद्दीत जातात. किस्से रद्दीवालाही नेत नाही, म्हणून ते साचत गेले.

आमची जिल्हा परिषदेची शाळा बाळापूर तालुक्यातली. पाचवीतली पोरं सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसतात. जिल्ह्यातून मोजक्यांची निवड होते. ज्याची झाली, त्याचं पुढचं शिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट. घरचे लोक वर्षभर त्या एका यादीकडे डोळे लावून असतात. म्हणून दर रविवारी सकाळी आम्ही तिघं जादा वर्ग घेतो. गणित गवई सरांकडे, आकृत्यांचे प्रश्न राऊत सरांकडे आणि भाषा माझ्याकडे.

* * *

एकदा पॅटर्न बदलला तेव्हा राऊत सर गाइड आणायला अकोल्याला गेले. राऊत सर मूळचे मोर्शीचे, संत्र्याची पारख असलेले. पुस्तकही ते संत्र्यासारखंच हातात फिरवून बघतात.

मुखपृष्ठावर चकचकीत स्टिकर होतं, 'नवीन पॅटर्ननुसार'. सरांना ते जरा जाड वाटलं. त्यांनी नखानं कोपरा उचकटला. खाली दुसरं स्टिकर, 'सुधारित पॅटर्ननुसार'. तेही सोलल्यावर खाली छापलेलं होतं, 'संपूर्ण नवा पॅटर्न'!

"काहो, हे काय हाये?" सरांनी विचारलं.

दुकानदारानं वर न बघता उत्तर दिलं, "सर, पॅटर्न वरूनच बदलते. आतलं सगळं कायम असते!"

सरांनी दहा प्रती आणल्या. दुसरं गाइडच नव्हतं.

* * *

पूर्वी उत्तराचा क्रमांक चौकटीत लिहायचा असे. मग गोल काळे करायची उत्तरपत्रिका आली. गवई सरांनी फळ्यावर बाटलीचं झाकण ठेवून गोल काढले आणि आठवडाभर एकच धडा शिकवला : गोल पूर्ण भरायचा, रेघेबाहेर जायचं नाही, अर्धवट सोडायचा नाही.

सराव परीक्षेत प्रांजलीची उत्तरपत्रिका सगळ्यात सुबक होती. एकही गोल रेघेबाहेर नाही. फक्त प्रत्येक प्रश्नाचे चारही गोल काळे!

"अगं, चारही काहून भरले?"

"सर, तीन उघडे ठेवले तं कसंतरीच दिसते!"

गवई सरांनी तो कागद उलटून पाहिला. मग म्हणाले, "एक बरोबर तं हायेच यात."

* * *

फॉर्म ऑनलाइन झाला त्या वर्षी विद्यार्थ्याची सही अपलोड करायची होती. धनश्रीचे वडील शाळेत येऊन मला म्हणाले, "मॅडम, दहा वर्षाच्या पोरीची कायची सही? मीच आत्ता अंगठ्यावरून सहीवर आलो!"

धनश्रीनं मात्र हे काम मनावर घेतलं. वहीची चार पानं भरून सराव केला आणि शेवटी एक सही पसंत केली. खाली मोराच्या पिसाऱ्यासारखा फराटा, त्याच्याखाली दोन टिंबं.

चार महिन्यांनी परीक्षा झाली. केंद्रावर पर्यवेक्षक बाईंनी हजेरीपत्रकावर तिची सही घेतली आणि फॉर्मवरच्या सहीशी ताडून पाहिली. आता तिथं सरळ साध्या अक्षरात नाव होतं. पिसारा नाही, टिंबं नाहीत.

"ही फॉर्मवरची सही तुझीच ना?"

"हो."

"मग आज अशी साधी का केलीस?"

धनश्री शांतपणे म्हणाली, "बाई, तवा मी लहान होती!"

* * *

एका वर्षी अमरावतीच्या कुठल्याशा ग्रुपवरून मेसेज फिरत आला की यंदा परीक्षेत विज्ञान आहे. आम्ही घाबरलो. विज्ञान शिकवायला कोणी तयार होईना, म्हणून तेही राऊत सरांच्याच गळ्यात पडलं. त्यांनी दोन महिने पानं, मुळं, पचनसंस्था असं सगळं घेतलं. सगळ्यात जास्त वेळ बेडकाला दिला. अंडी, मग डिंभ म्हणजे शेपटीवालं पिल्लू, मग पाय फुटतात, मग शेपूट जाते. पोरं झोपेतून उठवली तरी बेडूक म्हणून दाखवत.

पेपरात विज्ञानाचा एकही प्रश्न नव्हता.

केंद्राबाहेर पोरांनी सरांना घेरलं. "सर, बेडूक काहून नाही आला?"

सरांचा चेहरा उतरला होता, पण पोरांना नाराज करणं त्यांना जमत नाही. म्हणाले, "अजून शेपूट गेली नसंन त्याची!"

* * *

पुढचा किस्सा तेवढा हसण्यासारखा नाही. आरतीचा फॉर्म नेट कॅफेत भरला गेला आणि माध्यमाच्या रकान्यात मराठीऐवजी हिंदी निवडलं गेलं. कोणाच्याच लक्षात आलं नाही. परीक्षेच्या दिवशी तिच्या हातात अख्खा पेपर हिंदीत पडला.

सुटल्यावर तिच्या हातातली प्रश्नपत्रिका पाहून गवई सर पायरीवरच बसले. वर्षभराची मेहनत! गणितात ती पोरगी सगळ्यांच्या पुढं होती.

आरती मात्र पाणी पिऊन आली आणि म्हणाली, "सोपा गेला, सर. एका उताऱ्यात तो 'अतः' कोण होता, तेवढं नाही समजलं."

"अवं, पेपर हिंदीत होता ना! तू तिथल्या बाईंना सांगितलं काहून नाही?"

"मले वाटलं, पॅटर्न बदलला!"

यादीत तिचं नाव आलं नाही. ती आता सातवीत आहे आणि हिंदीत वर्गात पहिली येते.

* * *

आता छायाताईंचं सांगते. छायाताई तायडे दोन किलोमीटरवरच्या वस्तीतून लेकीला, समृद्धीला, रविवारी चालत घेऊन यायच्या. परत जाऊन पुन्हा न्यायला येण्यापेक्षा वर्ग सुटेपर्यंत दाराबाहेर बसायच्या. सोबत पिशवीत शिलाईचं काम असायचं. त्या ब्लाऊज शिवतात. हूक, काजं तिथंच बसून पूर्ण करायच्या. शाळा सातवीत सुटलेली, मग लग्न.

त्या वर्षी पेपरात आकृत्यांचे प्रश्न वाढणार, असं कळलं. आरशातली आकृती, घडी घालून कापलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल, असले प्रश्न. राऊत सरांनी फळ्यावर एक काढला आणि विचारलं, "सांगा, कोणता पर्याय?" पोरं माना वाकड्या करून बघू लागली.

दारातून आवाज आला, "तीन नंबर."

सरांनी गाइडमागची उत्तरं पाहिली. "नाही ताई. दोन हाये."

"तीन हाये, सर."

सरांनी वर्तमानपत्राचा कागद घेतला, तशीच घडी घातली आणि कात्रीनं कापला. उघडला. तीन!

"तुमाले कसं समजलं?"

"कापड दुघडी करून ब्लाऊजचा गळा कापतो ना आमी," छायाताई म्हणाल्या. "उघडल्यावर कसा दिसंन, ते आधी डोक्यात पाहा लागते. चुकला तं बाई तोंडावर फेकते कापड."

सरांनी त्यांना आत बोलावलं. त्या आल्या नाहीत. पुढच्या रविवारी सर कागदांचा गठ्ठा आणि कात्री घेऊन स्वतःच दारात जाऊन बसले, आणि पोरांना म्हणाले, "सगळे बाहेर या. आकृत्या आता ताई शिकवतीन." पहिल्या दिवशी छायाताई पदर सावरत, खाली मान घालून बोलल्या. चौथ्या रविवारी पोरांना दटावू लागल्या. "अबे, कात्री लावाच्या आधी पाह्य! मंग पाहून काय फायदा?" राऊत सर मागच्या रांगेत बसून स्वतः वहीत उतरवून घ्यायचे. गाइडमधल्या आणखी दोन चुका छायाताईंनी काढल्या.

समृद्धीचं नाव यादीत आलं. गवई सरांनी अख्ख्या शाळेला पेढे वाटले.

दाखला न्यायला मायलेकी आल्या. मी दाखल्यावर शिक्का मारून दिला. समृद्धी मैत्रिणींना भेटायला वर्गात पळाली. छायाताईंनी दाखला पिशवीत नीट घडी करून ठेवला, पण उठल्या नाहीत.

"मॅडम, या परीक्षेले वयाची अट किती असते?"

मी म्हटलं, "तुमच्या धाकट्या लेकीला अजून दोन वर्षं आहेत, ताई. तिचं वय बरोबर बसतं. घाई नाही."

"धाकटीचं नाही विचारून राहिली मी," छायाताई म्हणाल्या.