पंधरा मिनिटांची तोंडी

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक पुढच्या खोलीत बसतं, अक्षरं वाचतं, आरशात तोंड बघत फ्रेम निवडतं. त्याच्या काचा मागे कुणीतरी घासत असतो हे त्याच्या गावीही नसतं. त्या मागच्या खोलीत एकतीस वर्षं भिंगकाका बसले होते. दुकानातल्या मुलींनी ठेवलेलं हे नाव. खरं नाव विचारायची वेळ कुणावर आलीच नाही.

बायको गेल्यावर घर त्यांना खायला उठू लागलं. मालक म्हणाले, "काका, संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गाला जा. तेवढाच जीव रमेल." काका गेले. थोरली बहीण फोनवर म्हणाली, "आता या वयात इंग्रजी शिकून काय दिवे लावणार आहेस?"

पण काका हट्टाला पेटले. काचांच्या रिकाम्या पाकिटांवर शब्द लिहायचे आणि चाक फिरत असताना घोकायचे. परक्या भाषांतून इंग्रजीत आलेल्या शब्दांवर तर त्यांचा भारी जीव. राँदेव्हू म्हणजे ठरवून भेटणं. ऑन्वी म्हणजे कशातच मन न लागणं. बिचारे शब्द! जन्मले एका घरी, म्हातारे झाले दुसऱ्याच्या, तरी बोलण्यातलं माहेर काही सुटत नाही.

परीक्षेच्या पायऱ्या सहा. प्रत्येक पायरीला शेवटी तोंडी, आणि तिथेच काकांना घबाड सापडलं. समोर परीक्षक बाई बसणार. पंधरा मिनिटं त्यांना उठता येत नाही, फोन बघता येत नाही. वर नियमच असा की, उमेदवार थांबला की विचारायचं, "मग पुढे?" अहो, वर्षभरात काकांना "मग पुढे?" विचारणारं दुसरं होतं कोण?

काका धडाधड पाच पायऱ्या चढले आणि मग त्यांना नियम कळला. सहावी पास झालेल्याला पुन्हा बसता येत नाही. झालं! काकांनी वेड पांघरलं. लेखीत मुद्दाम चुकायला हात धजेना, तिथे पैकीच्या पैकी. तोंडीत मात्र येत असलेले शब्द गिळायचे आणि नापास व्हायचं. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं.

तिसऱ्या वर्षी त्याच बाई होत्या. त्यांनी विचारलं, "ऑन्वी. स्वतःच्या आयुष्यातलं उदाहरण द्या."

काकांपाशी उदाहरणांची काय कमी? अख्खी मागची खोली होती, दोन खुर्च्यांचं स्वयंपाकघर होतं. पण ते म्हणाले, "आठवत नाही, मॅडम."

"घाई नाही. दुसरं काहीही सांगा."

काकांनी सांगितलं. साध्या, शाळकरी इंग्रजीत. बायकोचा शेवटचा चष्मा त्यांनी स्वतः घासला होता. तिनं तो चारच दिवस घातला. अजून ते दर रविवारी त्याच्या काचा पुसतात.

"मग पुढे?" बाईंनी विचारलं. या वेळी त्या नियमासाठी विचारत नव्हत्या.

काका बोलत राहिले. घंटा झाली तेव्हा ते मनातून खूश होते. कठीण शब्द एकही वापरला नव्हता. म्हणजे नापास पक्कं, आणि पुढच्या वर्षीची पंधरा मिनिटं हातची.

महिन्याभरानं पाकीट आलं. सहावी पायरी उत्तीर्ण. खाली बाईंच्या अक्षरात एक ओळ होती: "शब्द आठवले नाहीत तरी सगळं पोचलं. आता तुम्हाला पुन्हा यावं लागणार नाही."

बाईंनी मोठ्या मायेनं लिहिलं होतं हो! दुकानात टाळ्या झाल्या. बहीण म्हणाली, "सुटलास एकदाचा! बरं, ठेवते हं." काका फोन हातात धरून दोन खुर्च्यांमधल्या एकीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते परीक्षेच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनानं मान न उचलता सांगितलं, "सहावी झालेल्यांना फॉर्म मिळत नाही."

"माहीत आहे," काका म्हणाले. "राँदेव्हू हा शब्द ज्या भाषेतून आला, तिची परीक्षा असते का?"

"फ्रेंच? असते की. पायऱ्या सहाच. पण आजोबा, पहिलीपासून सुरुवात करावी लागेल. येतं का काही?"

"चार-पाच शब्द येतात. तोंडी किती मिनिटांची?"

कारकुनानं कागद चाळला. "वीस."

काकांनी खिशातलं पेन काढलं.