कॅमेऱ्यासाठी पसारा

बारावीनंतर मी संगमनेरच्या एका कॉलेजात माध्यम निर्मितीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तेव्हा मी नेमकं काय शिकते हे आमच्या वस्तीवर कुणालाच धड सांगता येत नव्हतं. आई शेजारणीला म्हणायची, शूटिंगचं शिकते. शेजारीण विचारायची, लग्नाच्या का? आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी नर्सिंगला जायला हवं होतं. ते भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं. ते एवढंच म्हणाले, "वरीसभर बघू. न्हाई जमलं तर नर्सिंगला." त्यामुळे पहिल्या दिवसापासून ते एक वर्ष माझ्या मानगुटीवर बसलं होतं.

सुरुवातीला कॅमेऱ्याला हातही लावू दिला नाही. ट्रायपॉड उघडायचा, मिटायचा, केबल पीळ न पडता गुंडाळायची. आईने मला भाकरीवरून ऐकवलं नसेल इतकं कॅमेरा शिकवणाऱ्या मॅडमनी केबलवरून ऐकवलं. मग पहिला प्रकल्प आला, काम करणाऱ्या माणसाची तीन मिनिटांची फिल्म. मुलाखत नाही, संगीत नाही, आणि त्या माणसाने कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. तो कामात बुडालेला दिसला पाहिजे. हा प्रकल्प गेला की वर्ष गेलं, हे मॅडमनी आधीच स्पष्ट केलं होतं.

मला विषय शोधावा लागला नाही. गणपतीच्या सुमाराला आमच्याकडे चाळीत, म्हणजे कांदा ठेवायच्या हवेशीर छपरात, साठवलेला उन्हाळी कांदा बाहेर काढतात. आप्पा बारदान अंथरून बसतात आणि ढिगातून एकेक कांदा उचलून निवडतात. मोठा एकीकडे, बारीक गोल्टी दुसरीकडे, सडका मागे. कांदा हातात आला की त्यांना बघावंही लागत नाही. मी फोन करून सांगितलं, शनिवारी कॅमेरा घेऊन येते, कांदे निवडताना तुमचं शूटिंग करायचंय.

शनिवारी कोल्हारच्या स्टँडवर उतरले तर आप्पा मोटरसायकल घेऊन उभे. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर नवी टोपी. वस्तीवर पोचलो तर अंगण सारवलेलं, चाळीपुढे शेजाऱ्यांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, आणि कांदा कुठेच नाही. आई-आप्पा दोघांनी खपून सगळा माल निवडला होता, गोण्या भरून तोंडं शिवली होती आणि थप्पी लावून वर ताडपत्री घातली होती. कॅमेऱ्यात पसारा दिसू नये म्हणून. आई मोठ्या कौतुकाने म्हणाली, "बघ, कसं लखलखीत केलंय."

मी फार चिडले. म्हणाले, मला तो पसाराच पाहिजे होता. आईला वाटलं, शहरात राहून पोरीचं डोकं फिरलंय. आप्पा थप्पीशेजारी जाऊन उभे राहिले, हात सरळ खाली, नजर थेट लेन्समध्ये. चालून दाखवा म्हटलं तर चालले, पण कॅमेऱ्याकडे बघतच. एवढ्यात शेजारीण चहा घेऊन आली आणि तीही शेजारी उभी राहिली. रविवारी मी तेवढंच घेऊन परत गेले.

सोमवारी वर्गाने ते पाहिलं. हसले सगळे, मीसुद्धा हसले असते, पण ते माझे आप्पा होते. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, यात काम कुठे आहे? मी म्हणाले, मी येणार म्हणून घरच्यांनी आधीच उरकून टाकलं. त्यांनी मला आणखी एक शनिवार दिला आणि हा शेवटचा असंही सांगितलं. संध्याकाळी मी आईला फोन करून सगळं रडत सांगितलं, वर्ष जाईल हेही. फोन स्पीकरवर होता. मागे आप्पांचं खाकरणं ऐकू येत होतं. मला वाटलं, झालं, आता नर्सिंगचा फॉर्म येणार.

पुढच्या शनिवारी मला घ्यायला कुणी आलं नाही. मी रिक्षाने गेले, म्हशीची धार काढतानाचं तरी घेऊ असं ठरवून. रिक्षातून उतरून वस्तीच्या वाटेला वळले आणि थांबले. चाळीपुढे कांद्याचा ढीग पडला होता, मोठा-बारीक सगळा एकत्र. बाजूला शिवण कापलेल्या रिकाम्या गोण्या. आप्पा जुन्या बनियनवर, गुडघ्यापर्यंत धोतर खोचून बारदानावर बसले होते. आईने सांगितलं, सकाळी उठून त्यांनी गोण्या ओतल्या आणि फावड्याने सगळं कालवलं. शेजारच्यांनी विचारलं तर म्हणाले, पोरीला पसारा लागतो.

मला एकदम रडू आलं. दोघांचं सगळं काम त्यांनी परत ओतून टाकलं होतं, ज्या शिक्षणावर त्यांचा विश्वासच नव्हता त्याच्यासाठी. हे मांडून ठेवलेलं दृश्य झालं का, हा प्रश्नही मनात आला. पण माल विकायचा तर तो पुन्हा निवडावाच लागणार होता, त्यात खोटं काही नव्हतं. मी ट्रायपॉड लावला. या वेळी त्यांनी लेन्सकडे एकदाही बघितलं नाही. पुढ्यात एवढं काम पडल्यावर त्यांना कॅमेऱ्याची आठवणच राहिली नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी कॅमेरा बंद केला. ढीग अजून अर्धाही निवडून झाला नव्हता. मी केबल गुंडाळू लागले, तर मान वर न करता त्यांनी विचारलं, "पुढल्या साली बी असंच काई करावं लागतं का?"

मी म्हणाले, "हो, याच्याहून मोठं."

त्यांनी एक गोल्टी बाजूला टाकली. "मग आधी सांगत जा. तेवढा माल न निवडता ठीवतो."

केबलला पीळ पडला होता. ती तशीच खाली ठेवून मी त्यांच्यासमोर बसले आणि कांदे निवडायला लागले.