मला अरबी येत नाही

"मराठी भाग आपल्या त्या नाटकात काम करणाऱ्या बाई वाचतील. तुम्ही अरबी वाचा."

सरांनी हे इतक्या सहज सांगितलं की मला आधी काही वाटलंच नाही. अपमान कळायला मला वेळ लागतो. सवय झालीय.

पॅलेस्टिनी कविता, संगीत आणि चित्रं, अशी ती संध्याकाळ होती. तिकडे गाझात बॉम्ब पडत होते. इकडे कर्वे रस्त्यावरच्या एका लहान सभागृहात आम्ही जमणार होतो. सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक, कार्यक्रम त्यांचाच. दोन कवितांचा इंग्रजीवरून मराठी अनुवाद त्यांनी माझ्याकडून करून घेतला होता. मी हडपसरच्या एका शाळेत बावीस वर्षं मराठी शिकवते. अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, ते गिऱ्हाईक नसलं की मोठ्यानं मराठी पेपर वाचायचे. त्यांच्याकडून ही भाषा माझ्याकडे आली. या अनुवादावर मी तीन आठवडे बसले होते. मला वाटलं, वाचणारही मीच.

"सर, मला अरबी येत नाही."

"अहो, कुराण वाचता ना?"

"वाचते. अर्थ कळत नाही."

"अर्थ कुणाला विचारायचाय? उच्चार हवा. आणि डोक्यावरून ओढणी घ्या. वातावरण तयार होतं."

मी शाळेत ओढणी घेत नाही. घरीही नाही. कुराणाच्या अक्षरांना स्वरांच्या खुणा असतात, तशा खुणा छापील कवितेला नसतात, म्हणून मला ती वाचताही येईना. सरांनी कुणाकडून तरी दोन्ही कविता देवनागरीत लिहून आणल्या. मी त्या आठ दिवस घोकल्या. आरशासमोर ओढणी घेऊन पाहिली. हे मला सांगायलाच हवं. मला कुणी फसवलं नव्हतं. मला व्यासपीठ हवं होतं.

सभागृह भरलं. एकानं ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवलं. भिंतींवर हनानची चित्रं होती. हनान पॅलेस्टिनी, पुण्यात औषधशास्त्रात पीएच.डी. करत होती. कोळशानं तिनं तिच्या घरातलं स्वयंपाकघर काढलं होतं, पुन्हा पुन्हा तेच. ते घर आता नाही, एवढंच चित्राखाली लिहिलं होतं.

मी उभी राहिले. डोक्यावर ओढणी. आवाज थोडा कापरा केला. हो, केला. पहिल्या कवितेत एक माणूस आपल्या इमारतीतल्या शेजाऱ्यांची एकेक मजला करत आठवण काढतो. मला त्यातला एकही शब्द कळत नव्हता, पण कुठे थांबायचं ते मराठीवरून माहीत होतं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. मग नाटकातल्या बाईंनी माझं मराठी वाचलं. टाळ्या. सर माइकवर म्हणाले, "त्यांच्या रक्तातच ही वेदना आहे." माझ्याकडे हात करून म्हणाले. मी मान खाली घातली, आणि मला बरं वाटलं.

मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी हनान आली. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि भराभर अरबीत बोलायला लागली. तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता.

"मला अरबी येत नाही," मी इंग्रजीत म्हणाले.

"मग वाचलं ते?"

"लिहून दिलं होतं."

तिनं हात सोडले. मग हळूच म्हणाली, "शेवटच्या ओळीत 'माझं हृदय' असं आहे. तुम्ही 'माझा कुत्रा' म्हणालात."

कागदावर साधा 'क' होता. अरबीत त्या जागी घशातून काढायचा 'क' लागतो, नाहीतर 'हृदय'चा 'कुत्रा' होतो. लहानपणी मौलवीसाहेबांनी तो माझ्याकडून शंभरदा म्हणवून घेतला होता. मला येत होता. मी लक्षच दिलं नव्हतं.

"माफ कर," मी म्हणाले.

"काळजी करू नका. कुणालाच कळलं नाही," ती म्हणाली आणि चित्रांकडे निघून गेली.

ती चिडली असती तर चाललं असतं.

मी सरांकडे गेले. "दुसरी कविता हनानला अरबीत वाचू द्या. मराठी मी वाचते."

"तिचं वाचन आयत्या वेळी कुठे बसवणार? आणि मराठीला माणूस आहे आपल्याकडे."

"ते मराठी माझं आहे, सर."

"अनुवाद तुमचाच, नाही कोण म्हणतंय? पण अरबी तुमच्या तोंडून शोभतं."

"का शोभतं?"

सरांनी चष्मा पुसला.

उत्तरार्धात माझं नाव पुकारलं. मी ओढणी डोक्यावरून काढली. मी म्हणाले, "मला अरबी येत नाही. मघाशी मी जे वाचलं ते मला कळत नव्हतं. शेवटची ओळ मी चुकीची वाचली, आणि ती चूक फार वाईट होती. मी पुण्याची आहे, मराठीची शिक्षिका आहे. हा अनुवाद माझा आहे." कागद नाटकातल्या बाईंच्या हातात होते. मी कविता पाठ म्हटली.

टाळ्या तुरळक पडल्या. कुणीतरी खोकलं. मी हनानला शोधलं. ती सभागृहात नव्हती. घरच्यांचा फोन आला म्हणून मध्यंतरातच गेली, असं दारावरच्या माणसानं सांगितलं. मी काय बोलले ते तिनं ऐकलंच नाही.

सर जाताना म्हणाले, "भाषण छान झालं. अरबी कविता तेवढी राहिली."

बसमध्ये मला सरांचा राग आला नाही. आठवत होती ती आमची स्टाफरूम. महिनाभर तिथे मोबाइलवर गाझात पडलेल्या इमारतींचे व्हिडिओ फिरत होते आणि त्यावर विनोद होत होते. प्रत्येक वेळी मी वह्या तपासत बसले होते. खाली मान. टाळ्या मिळणार होत्या तिथे मी पॅलेस्टिनी व्हायला तयार झाले. जिथे काही मिळणार नव्हतं, उलट नजरा मिळणार होत्या, तिथे मी साधं माणूसही झाले नाही. हृदयाला कुत्रा म्हटल्याची लाज एका संध्याकाळची. ही लाज महिनाभराची.

सोमवारी मधल्या सुट्टीत एका सहकारी बाईंनी तसाच व्हिडिओ पुढे केला. बाकीच्या हसल्या.

मी वही मिटली. "बाई, हे बंद करा."

"अहो, गंमत आहे. तुम्हाला का लागलं एवढं?"

का, ते त्यांना माहीत होतं. त्यांना वाटत होतं तेच कारण मी सांगावं, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. मी ते सांगितलं नाही.

"त्या इमारतीत माणसं होती," मी म्हणाले. "उद्या दाखवलंत तर उद्याही बोलेन. रोज बोलेन."

त्या दिवसापासून माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. असू दे. मी बोलणं बंद करणार नाही.