मोळीला हात

संसार कशावर टिकतो, हे मला पुष्कळांनी ऐकवलंय. मला मात्र भुशीकडून लोणावळ्याच्या बाजाराला येणारा तो माणूस आठवतो. नाव कधी विचारलं नाही. वळणावरच्या दगडाशी तो आपली कावड टेकवी आणि मागून येणाऱ्या बायकोच्या डोक्यावरची लाकडांची मोळी उतरवी. एरवी तिची बडबड चाले. एके दिवशी मात्र ती त्याच्याकडे पाठ करून बसली.

"भांडलात?" मी विचारलं.

"लय! कालपास्नं बोलत न्हाई," तो बिडी विझवत म्हणाला. "पर एकटीला वझं डोईवर चढतंय व्हय?"

ती निघायला उठली, तसा मोळीला हात लावायला मीच पुढे झालो. तिनं मला थांबवलं, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि फुरंगटलेल्या तोंडानंच त्याच्यापुढे जाऊन मान वाकवली.