विहीर म्हटल्यावर

समोरच्या शाळेच्या मैदानावर सकाळपासून फक्कीच्या रेघा ओढणं चाललं आहे. दुपारच्या उन्हात चुन्याचा तो कोरडा, घशात खवखवणारा वास खिडकीतून आत येतो. क्रीडाशिक्षक मुठीत स्टॉपवॉच धरून उभे आहेत. पोरं सुटतात, धापा टाकत पोचतात, आणि त्या मुठीत त्यांचं धावणं मोजलं जातं. धावणं मोजावं, माझी त्याला ना नाही. पण तसलंच एक घड्याळ मी पूर्वी एका माणसाच्या मुठीत पाहिलं आहे, आणि त्या घड्याळानं आमची मनं मोजली होती. म्हणजे मोजायला घेतली होती. एकीनं ती मोजू दिली नाहीत, हेच तर सांगायचं आहे.

महायुद्धाची वर्षं होती ती. सांगलीत शिक्षिका तयार करणारी एक लहानशी संस्था होती, तिच्या बोर्डिंगात आम्ही वीस-पंचवीस मुली. तिथं नावांचं फारसं काम पडायचं नाही. गावांवरूनच हाका मारायच्या. मी कोरेगाव. माझ्या शेजारची वळकटी फलटणची, आणि खिडकीखालची जतची. जतची मुलगी सावळी, काटक, बोलायला अगदी बेतशीर. तिच्या गावाकडं घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. आईला ती अव्वा म्हणायची. शाळामास्तर असलेल्या मामानं हट्टानं शिकवली, म्हणून ती इथवर आली होती. परत गेली असती तर लग्नाची तारीखच तिची वाट पाहत होती.

आम्हाला मानसशास्त्र शिकवायला त्या वर्षी एक तरुण सर आले. मुंबईहून नुकतीच पदवी घेतलेले, उन्हाळ्यातही कोट न काढणारे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. उलट त्यांच्या आवाजात एक कोवळा उत्साह होता, आणि 'व्यक्तिमत्त्व' हा शब्द ते असा उच्चारत, की आपल्याजवळ एवढं मोठं काही आहे याचंच आम्हाला नवल वाटे. आपल्या वैद्यांनी माणसं वात, पित्त, कफात वाटली, शास्त्रांनी सत्त्व, रज, तमात, आणि तिकडच्या पंडितांनी अंतर्मुख नि बहिर्मुख अशा दोन कणग्यांत भरली, असं ते सांगत. मग एक दिवस म्हणाले, आता तुमची परीक्षा. ते एक शब्द उच्चारणार, आणि त्यावरून मनात पहिला येईल तो शब्द आम्ही सांगायचा. मुठीतलं घड्याळ वेळ मोजणार. जिथं उत्तराला उशीर लागेल तिथं मनात गाठ आहे असं समजायचं. त्या गाठीला त्यांचा शब्द होता, गंड.

मी भराभरा बोलले. फूल, वास. घर, अंगण. युद्ध, शांती. सर हसले, कोरेगाव बहिर्मुख, मनमोकळी, असा शेरा मिळाला. जतची मात्र प्रत्येक शब्दाला थांबली, आणि 'विहीर' म्हटल्यावर तर इतकी थांबली, की सरांनी घड्याळ कानाशी नेऊन ते चालू आहे ना ते पाहिलं. शेवटी ती म्हणाली, "दगड."

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात उदाहरण दिलं. नाव घेतलं नाही. पण नाव घ्यायला लागतं कुठं? एक विद्यार्थिनी विहिरीपाशी अडखळली, ते म्हणाले. अशा ठिकाणी घरातली एखादी दुर्घटना दडलेली असू शकते, आणि इतकं मिटलेलं मन मुलांपुढं उभं राहण्यास योग्य नसतं. संध्याकाळपर्यंत बोर्डिंगानं तिच्या घरातल्या एका बाईला विहिरीत ढकललंसुद्धा. कुणी म्हणालं थोरली बहीण, कुणी म्हणालं आईच असणार. आम्ही पाणी शेंदायला गेलो, तर फलटणनं तिच्या हातातला दोर काढून घेतला. "तू नको गं बाई वाकूस," ती अगदी मायेनं म्हणाली. जतचीनं रिकाम्या हातांकडं पाहिलं. तिन्हीसांजेला मुख्य बाईंनी तिला बोलावून सांगितलं, की सरांच्या मते तुला काही दिवस घरी पाठवावं. उद्यापर्यंत विचार कर.

उद्या उजाडला तो माझ्या डोळ्यांपुढं अजून तसाच आहे. सर फळ्याकडं वळणार, तोच ती उभी राहिली.

"सर, मला बोलायचंय."

"तास संपल्यावर बोल."

"वर्गात सांगितलंत, वर्गातच बोलते." तिचा आवाज खाली येत नव्हता. "विहीर म्हटल्यावर ह्या समद्यांना पाणी सुचलं. आमच्याकडं विहिरीत पाणी नसतंय, सर. दगड असत्यात, कबुतरं असत्यात, आन तळाशी बसून वाटीनं गढूळ पाणी घागरीत भरणारी बाई असती. ती बाई म्हंजे मी. ह्यातलं एक कुठलं सांगावं ते ठरवीत हुते, तवर तुमचं घड्याळ फुडं गेलं."

सर चाचरत म्हणाले, "पण मग घरात कुणी…?"

"उडी टाकायची म्हटली तरी पाणी नगं का, सर? आमच्या विहिरीत पडलं तर पाय मोडंल."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सर प्रामाणिक होते. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "ठीक आहे. आपण चाचणी पुन्हा घेऊ. सगळं सुरळीत होईल."

"न्हाई. परत बसणार न्हाई."

"का?"

"आता मला उत्तरं ठावं हायती. विहीर म्हटलं की पाणी, आई म्हटलं की माया. भराभरा सांगीन, तुमी पास कराल. मग ती पास झालेली कोण असंल? मला पोरींफुडं उभं करा. शिकवता येतं का बघा. न्हाई आलं तर माझी मी जाईन."

त्या क्षणी काय झालं कुणास ठाऊक, मीही उभी राहिले. म्हटलं, "सर, माझा शेराही खोडा. माझे वडील ब्रह्मदेशात लढाईवर आहेत. घरी बरेच दिवस पत्र नाही. युद्ध म्हटल्यावर मला शांती सुचली नव्हती. काहीच सुचू नये म्हणून मी घाईनं बोलले." जी थांबली तिनं मन उघडलं होतं, आणि जी धावली तिनं दार लावून घेतलं होतं. हे मला तेव्हा, बोलता बोलताच कळलं.

सरांनी घड्याळ खिशात ठेवलं आणि तास तिथंच संपवला.

मुख्य बाईंनी तिला सरावाच्या शाळेतल्या पोरींपुढं धडा घ्यायला लावला. तो काही थोर झाला नाही, हेही खरं. प्रश्न विचारून ती थांबायची, फार थांबायची. मागच्या बाकावरच्या पोरी चुळबुळ करू लागल्या. पण तेवढ्या थांबण्यात एक तोतरी पोर, जिला कुणी कधी विचारलंच नव्हतं, आपलं वाक्य पुरं करून खाली बसली. बाई एवढंच म्हणाल्या, "राहा." सरांनी तिचा शेरा बदलला नाही, त्यात 'हट्टी' हा एक शब्द वाढवला. तो तिला मान्य होता.

पुढं एकदा कृष्णेच्या घाटावर पायऱ्यांवर बसलो असताना मी तिला विचारलं, "खरं सांग, विहिरीचं तेवढंच होतं?"

तिनं पाय पाण्यात सोडले. "सांगितलं ते खरं हुतं. तेवढंच न्हवतं."

"मग?"

"मग काय? ऱ्हाऊ दे की माझ्यापाशी."

मी पुन्हा कधी विचारलं नाही. माझे वडील परत आले, एका कानानं बहिरे होऊन. मी कोरेगावात शिकवलं, संसार केला. आणि आयुष्यभर कुणी ना कुणी मला एका शब्दात बांधत आलं. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी 'समाधानकारक' म्हटलं, सासरनं 'तोंडाळ', ज्योतिष्यानं 'शनीची', डॉक्टरनं 'हळवी'. प्रत्येकाचा शब्द त्या त्या दिवसापुरता खराही असेल. पण माणूस म्हणजे त्या शब्दांची बेरीज नव्हे, हे मी कुणाही पंडिताच्या तोंडावर सांगेन.

तिच्या शाळेत मी एकदाच गेले. जतजवळच्या त्या माळावरच्या शाळेची ती मुख्याध्यापिका झाली होती. शाळा सोडून जाणाऱ्यांचे दाखले भरत बसली होती, आणि वर्तणुकीच्या रकान्यात सरसकट 'चांगली' लिहीत होती. बाहेर एक पोरगी दुसरीच्या झिंज्या उपटत होती. तिचा दाखला पुढं आला, तिथंही 'चांगली'.

मी म्हटलं, "अगं, हिला तरी?"

तिनं टाक दौतीत बुडवला. "चालली की आता ती. फुडं कशी हुईल ते मला काय ठावं?" म्हणाली, आणि खाली सही केली.